शंभरपैकी एकतीस गुण दिले कोणी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कोकणातल्या घरगुती पर्यटन व्यावसायिकांनी वेबसाइट कशी चालवावी यावर लेख आला आहे. फोटो दिवसाउजेडी काढा, दर स्पष्ट लिहा, दिलेला फोन नंबर उचलला गेला पाहिजे, हे त्यातलं सगळं पटलं. पण मधल्या चौकटीत असं छापलं आहे की गुगल प्रत्येक वेबसाइटला शंभरपैकी गुण देतं, त्याला डोमेन अथॉरिटी म्हणतात, आणि बॅकलिंक (दुसऱ्यांच्या वेबसाइटवरून आपल्याला मिळणाऱ्या लिंका) जितक्या जास्त घ्याल तितके हे गुण वाढून तुमचं नाव वर येतं. हे चूक आहे. याच समजुतीवर मी १८ हजार रुपये घालवले आहेत. तुमच्या लेखाचं कात्रण आमच्या पट्ट्यातल्या तीन घरांत फ्रिजवर लावलेलं मी या आठवड्यात पाहिलं, म्हणून हे पत्र. लांबलं तर माझी हकिगत खुशाल कापा, पण गुण कोण देतं हा भाग ठेवा.

मी निवृत्त शिक्षिका. जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ वर्षं काढली. गुहागर तालुक्यात वेळणेश्वर-हेदवीच्या बाजूला आमचं घर आहे, मागे नारळी-पोफळीची वाडी. निवृत्तीनंतर पाच खोल्या बांधून निवास-न्याहारी सुरू केली. स्वयंपाकघर सूनबाईच्या ताब्यात. फोन, हिशेब आणि पाहुण्यांचं रजिस्टर माझ्याकडे. मे महिन्यात आमसुलं आणि आगळ करतो, तेही पाहुणे घेऊन जातात. वेबसाइट २०१६ साली भाच्याने करून दिली. ‘मावशी, नाव तुझ्याच नावावर घेतोय, पासवर्ड वहीत लिहून ठेव,’ असं तो म्हणाला होता. त्या वेळी त्याचं महत्त्व कळलं नव्हतं. आज आमच्याच पंचक्रोशीत असे बागायतदार आहेत की वेबसाइटचे पैसे त्यांनी भरले आणि डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, मात्र करून देणाऱ्याच्या नावावर राहिलं.

रजिस्टरचं आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचं काम आहे. नाव, पत्ता, ओळखपत्र हे रकाने असतातच. शेवटी मी एक रकाना जास्त आखला आहे: ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ जेवताना सहज विचारते आणि रात्री लिहून ठेवते. पहिल्या पाहुण्यापासून आजवर एकही जागा रिकामी नाही.

२०२३ च्या मे अखेरीस एका कंपनीतून फोन आला. मुलगा अदबीने बोलत होता. म्हणाला, ‘मॅडम, तुमचा डीए फक्त आठ आहे. तुमच्याच रस्त्यावरच्या रिसॉर्टचा बावीस आहे. गुगलच्या लेखी तुमची साइट नाहीच.’ डीए म्हणजे तीच डोमेन अथॉरिटी. आठ ऐकलं आणि पोटात खड्डा पडला. शंभरपैकी आठ मिळालेल्या मुलाच्या आईचा चेहरा मी प्रगतिपुस्तक देताना किती वेळा पाहिला आहे. पेपर कोणता, तपासला कोणी, हे त्या आया कधी विचारत नसत. मीही विचारलं नाही. तीन महिन्यांत ५०० बॅकलिंक, डीए तीसच्या वर, लेखी हमी आणि १८ हजार रुपये. आंब्याचे पैसे नुकतेच हातात आले होते, ते दिले.

कंपनीने दिलेला शब्द पाळला, हे मुद्दाम नोंदवते. ऑगस्टमध्ये अहवाल आला. हिरव्या वर्तुळात मोठ्या अक्षरात ३१. सोबत एक्सेलची यादी, ५०० ओळींची. आकडा खरा होता. मी दुसरीकडे तपासून पाहिला, तिथेही ३१ च निघाला.

श्रावणातला पाऊस कसा लागतो ते तुम्हाला ठाऊक आहे. पाहुणे नाहीत, दुपारपासून वीज गेलेली. पडवीत बसून मोबाइलच्या नेटवर ती यादी एकेक करून उघडायला घेतली. पेपर तपासायची सवय असल्यामुळे शेजारी वही घेतली आणि रकाने आखले. पान उघडतं का? भाषा कोणती? विषय काय? आमचं नाव कुठे आहे? दोन दिवसांत १२० ओळी झाल्या. त्यातली ३८ पानं उघडलीच नाहीत. ४१ पानं म्हणजे कुठल्यातरी साइटवर उघडलेली रिकामी खाती. सदस्याचं नाव, फोटोच्या जागी राखाडी गोल आणि खाली आमची लिंक, एवढंच. त्या पानाला जन्मात कोणी भेट देणार नाही. उरलेल्यांत जुगार, टायर, परदेशातले दातांचे दवाखाने, कर्ज. प्रवास, खाणं, समुद्र, कोकण यांच्याशी संबंध असलेलं एकही पान सापडलं नाही.

त्यातलं एक पान अजून डोळ्यांसमोर आहे. साइटच्या पत्त्यावरून कळत होतं की ती कधीकाळी परदेशातल्या कुठल्याशा मुलांच्या गायनवृंदाची होती. पत्ता तोच राहिला, आत मुलं नाहीत, गाणं नाही. नूतनीकरण राहून गेलेलं नाव कोणीतरी विकत घेऊन आत जुगाराचे लेख भरले होते. रूलेट कसं खेळावं यावरचे दोन परिच्छेद, मग एकदम आमच्यावरचा एक परिच्छेद. त्यात गुहागरला ‘थंड हवेचं ठिकाण’ म्हटलं होतं. त्या वाक्यात आमच्या घराची लिंक. ज्या मुलांनी त्या नावाखाली गाऊन लोकांचा विश्वास मिळवला असेल, त्यांच्या पुण्याईवर माझ्या पाच खोल्यांची जाहिरात लावली होती, तीही माझ्या पैशांनी. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणखी एक गोष्ट वहीत उठून दिसली. जिथे जिथे लिंक होती तिथे तिच्यावरचे शब्द तेच: ‘बेस्ट होमस्टे इन गुहागर’. ज्या शब्दांवर बोट ठेवलं की दुसरं पान उघडतं त्यांना अँकर टेक्स्ट म्हणतात. खरी माणसं लिहितात तेव्हा हे शब्द कधी सारखे येत नाहीत. कोणी आमच्या घराचं नाव लिहितं, कोणी ‘इथे राहिलो होतो’, एकाने ‘काकूंकडची घावनं’ असं लिहून त्या शब्दांना लिंक दिली आहे. वर्गात वीस मुलांच्या उत्तरपत्रिकांत तेच वाक्य, तीच चूक दिसली की शिक्षकाला सांगावं लागत नाही. गुगलला ते कळत नसेल असं मला तेव्हाही वाटलं नाही. म्हणून मी मुळापासून वाचायला बसले. गुगलची स्वतःची मदतीची पानं, आणि ही गुण देणारी साधनं बनवणाऱ्या कंपन्यांची पानं. अडलं तिथे भाच्याला फोन केला.

गोष्ट १९९८ ची आहे. त्या वर्षी २६ जानेवारीला आपली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, म्हणून साल माझ्या पक्कं लक्षात राहतं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी पेजरँक नावाची रीत जगासमोर मांडली आणि सप्टेंबरात गुगल कंपनी स्थापन झाली. कल्पना आली होती संशोधनपर निबंधांवरून. एका निबंधाचा आधार इतर किती निबंधांनी घेतला, यावरून त्याचं वजन ठरतं. त्यांनी तेच वेबपानांना लावलं. एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली म्हणजे त्याचा हवाला दिला.

मात्र सगळे हवाले सारख्या किमतीचे धरले नव्हते. आमच्याकडे महाशिवरात्रीला बाहेरगावचे लोक येतात. स्टँडवर एक माणूस उतरणाऱ्या प्रत्येकाला वीस लॉजची नावं सांगत असतो. देवळातले गुरवकाका वर्षातून दोन-चारदाच कोणाला तरी सांगतात, ‘अमक्यांकडे जा, माझं नाव सांगा.’ लोक कोणाच्या सांगण्यावर चालत जातात? गुरवकाकांच्या. कारण अख्खं गाव त्यांना मानतं, आणि ते वीस नावं घेत नाहीत. पेजरँकची रीत हीच होती. हवाला देणाऱ्याचं स्वतःचं वजन किती, हे त्याला कोणाकोणाचे हवाले आहेत त्यावरून ठरे, आणि ते वजन तो जितक्यांना लिंक देतो तितक्यांत वाटलं जाई. चारशे लिंका असलेल्या पानावरून आपल्या वाट्याला चारशेवा हिस्सा. वाचक शंभरातल्या ८५ वेळा पानावरच्या एखाद्या लिंकने पुढे जाईल आणि १५ वेळा कंटाळून भलतंच पान उघडेल, एवढं गृहीत धरून ते गणित मांडलं होतं. आणि हे वजन पानाचं असे. अख्ख्या वेबसाइटवर एकच शिक्का मारायची ही रीत नव्हती.

मग २००० साली गुगलने आपल्या टूलबारमध्ये, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या पट्टीत, हे वजन शून्य ते दहा अशा आकड्यात लोकांना दाखवायला सुरुवात केली. आकडा दिसायला लागला आणि त्याचा बाजार भरला. ‘सहा आकड्याच्या पानावर लिंक, इतके डॉलर’ अशी विक्री सुरू झाली. शेवटी २०१६ मध्ये गुगलने तो आकडा लोकांना दाखवणं पूर्ण बंद केलं. आत मोजमाप चालू असेल, पण बाहेरच्या कोणाला ते दिसत नाही. म्हणजे आज गुगलच्या हिशेबात तुमचं वजन किती, हे सांगणारा आकडा कोणाकडेच नाही. फोन करणाऱ्या त्या मुलाकडेही नव्हता.

मग माझे ३१ कोणी दिले? डोमेन अथॉरिटी हा मॉझ नावाच्या एका अमेरिकी कंपनीचा आकडा आहे, १ ते १००. या कंपनीची स्वतःची यंत्रणा इंटरनेटवर फिरून लिंका गोळा करते आणि त्यावरून एखादी साइट गुगलवर कितपत दिसेल याचा अंदाज बांधते. गुगल हा आकडा वापरत नाही. मॉझने स्वतः हे उघड लिहून ठेवलं आहे, गुगलच्या माणसांनीही अनेकदा सांगितलं आहे. असेच इतर कंपन्यांचे आकडे: एचरेफ्सचा डोमेन रेटिंग, सेमरशचा अथॉरिटी स्कोअर, मॅजेस्टिकचा ट्रस्ट फ्लो. प्रत्येकाची यंत्रणा वेगळी, गोळा केलेल्या लिंका वेगळ्या, गणित वेगळं. ज्या आठवड्यात मॉझकडे माझे ३१ होते त्याच आठवड्यात एचरेफ्सकडे ४ होते आणि मॅजेस्टिकचा ट्रस्ट फ्लो २. एकाच मुलाला एकाच दिवशी तीन परीक्षकांनी तीन गुण दिले, आणि ज्या बोर्डाचा निकाल लागायचा त्या बोर्डाने तिघांचीही नेमणूक केलेली नाही.

या कंपन्यांना मी दोष देत नाही. त्यांची साधनं कामाची आहेत, वापर समजून केला तर. डोमेन अथॉरिटी तुलनेसाठी आहे. एकाच भागातली, एकाच धंद्यातली पाच-सहा घरं शेजारी ठेवून बघितली तर कोणाबद्दल बाहेर जास्त लिहिलं गेलंय याचा अंदाज येतो. पण तिची पट्टी सरळ नाही. १० वरून २० वर जाणं सोपं, ७० वरून ८० वर जाणं फार अवघड. आणि ती सापेक्ष आहे. तुम्ही काही केलं नाही तरी दुसऱ्यांचं वाढलं की तुमचा आकडा उतरू शकतो. २०१९ मध्ये मॉझने गणिताची पद्धतच बदलली तेव्हा कित्येकांचे गुण वर-खाली झाले, त्यांच्या वेबसाइटवर मात्र तेव्हा एक अक्षर बदललेलं नव्हतं. मॅजेस्टिकची रीत मला शिक्षिका म्हणून जास्त आवडली. त्यांनी माणसांनी तपासलेल्या भरवशाच्या साइटपासून सुरुवात केली आहे, आणि तिथून तुम्ही किती जवळ आहात यावरून ट्रस्ट फ्लो ठरतो. लिंकांच्या नुसत्या भाराचा आकडा वेगळा, त्याला सायटेशन फ्लो म्हणतात. भार मोठा आणि भरवसा अगदी थोडा दिसला की समजावं, लिंका कुठून आल्या असतील.

आता फायदा काय झाला ते. गुगलचं सर्च कन्सोल नावाचं फुकट साधन आहे. आपली वेबसाइट आपलीच आहे हे एकदा सिद्ध केलं की गुगलवर लोकांनी काय शोधलं तेव्हा आपण दिसलो, किती वेळा दिसलो, किती जणांनी उघडलं, सरासरी कितव्या क्रमांकावर होतो, हे सगळं त्यात कळतं. ही माहिती खुद्द गुगलची. भाच्याने ते सुरुवातीलाच जोडून ठेवलं होतं, मी उघडून बघत नव्हते, एवढंच. ऑक्टोबर ते डिसेंबर हे तीन महिने दोन्ही वर्षांचे मी शेजारी मांडले. २०२२ मध्ये ४१२ क्लिक. डीए ८ चा ३१ झाल्यानंतर, २०२३ मध्ये ४०५. ‘गुहागर होमस्टे’ या शोधावर आम्ही चौदाव्याचे पंधराव्या क्रमांकावर. रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात त्या ५०० पैकी एकाही पानाचं नाव आलेलं नाही, आजपर्यंत.

पण त्याच रकान्यात दुसरं एक नाव वारंवार दिसतं. २०२२ च्या थंडीत पुण्याचं एक जोडपं पक्षी बघायला आलं होतं. आमच्या वाडीमागे जुना वड आहे, त्याची फळं पिकली की ककणेर, म्हणजे धनेश पक्षी, येतात. तिसऱ्या दिवशी पहाटे सहाला त्या बाईंनी मला अंगणातून हाक मारली, ‘काकू, लवकर या, जोडी बसलीय!’ पिवळी मोठी चोच, चोचीवर शिरस्त्राणासारखा उंचवटा. फळ वर उडवून झेलतात आणि गिळतात. परत गेल्यावर त्यांनी त्यांच्या पक्षीनिरीक्षक मंडळाच्या साइटवर चार पानी टिपण लिहिलं. कुठे उभं राहिलं तर वड नीट दिसतो, किती वाजता, वाटेत चिखल कुठे असतो, आणि राहायला कुठे. त्या ‘कुठे’ला आमची लिंक. त्या मंडळाच्या साइटचा डीए मी नंतर पाहिला, ६. त्या पानावरून दोन हंगामांत ११ कुटुंबं आली. रजिस्टरमध्ये आहेत.

दुसरी अशी लिंक एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाची. मुलं देवराईतल्या झाडांची नोंद करायला आठवडाभर आमच्याकडे होती. अहवालाच्या पानावर मुक्कामाची जागा म्हणून आमचा उल्लेख आहे. तिथून पाहुणे फारसे येत नाहीत, पण पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजच्या बाईंनी तेच पान वाचून फोन केला.

बॅकलिंकचा दर्जा कशाला म्हणायचा, हे मी या दोन पानांवरून शिकले. लिहिणाऱ्याचा विषय आपल्या कामाशी लागून असतो. लिंक त्याने मनाने दिलेली असते, वाक्याच्या पोटात असते, जिथे वाचणाऱ्याला तिची गरज पडते नेमकी तिथे. त्या पानाला स्वतःचे वाचक असतात. आणि त्या पानावरून दर दुसऱ्या ओळीत कोणालातरी लिंक विकलेली नसते. गुगल नावाची गोष्टच जगात नसती, तरी ही लिंक दिली गेली असती का, एवढा प्रश्न मी आता प्रत्येक लिंकला विचारते. ककणेरच्या पानाचं उत्तर होय आहे. गायनवृंदाच्या पानाचं नाही.

विकतच्या लिंकांचं गुगल काय करतं, हेही लोकांना सांगितलं पाहिजे. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकेतल्या जेसीपेनी या मोठ्या दुकानसाखळीची बातमी दिली होती. काही संबंध नसलेल्या हजारो पानांवरून त्यांना लिंका होत्या आणि कपड्यांपासून पलंगपोसांपर्यंतच्या शोधांत जेसीपेनीचं नाव पहिलं येत होतं. गुगलने त्यांना खाली ढकललं. पुढच्या वर्षी २४ एप्रिलला पेंग्विन नावाचा बदल आला, त्यात अशा लिंकांवर उभ्या असलेल्या असंख्य साइट एका झटक्यात घसरल्या. २०१६ पासून पेंग्विन गुगलच्या मुख्य यंत्रणेतच आहे, आणि आता बहुतेक वेळा शिक्षा करण्याऐवजी अशा लिंका हिशेबातच धरत नाहीत. माझ्या ५०० लिंकांचं तेच झालं असावं. म्हणजे १८ हजारांची जमा शून्य.

इथेच दुसरा फास आहे. गेल्या वर्षी वेगळ्या कंपनीचा फोन आला. ‘तुमच्या साइटला चारशेच्या वर टॉक्सिक बॅकलिंक आहेत, गुगल कधीही ब्लॉक करेल, नऊ हजारांत साफ करून देतो.’ आधी घाण विकत घ्यायची आणि मग ती उचलायला पैसे द्यायचे. या वेळी मी सर्च कन्सोल उघडलं. मॅन्युअल ॲक्शन म्हणून एक भाग असतो. गुगलच्या माणसाने तपासून तुमच्यावर कारवाई केली असेल तर ती तिथे लिहिलेली असते. काही समस्या नाही, असं तिथे होतं. लिंका नाकारण्याची सोय, तिला डिसअव्हाव म्हणतात, गुगलनेच २०१२ च्या ऑक्टोबरात दिली. ती फुकट आहे, आणि बहुतेक साइटना तिची गरज नाही असं गुगल स्वतः सांगतं. कारवाई झाली असेल किंवा होण्याची खरी शक्यता असेल तरच ती वापरायची. ‘टॉक्सिक’ हा शिक्काही पुन्हा साधनं विकणाऱ्यांचाच. मी फोन ठेवला. आमच्या जाऊबाईंच्या भावाने मात्र त्याच कंपनीला पैसे दिले. त्याच्या सर्च कन्सोलमध्येही काही नव्हतं. त्याला ते आहे हेच कोणी सांगितलं नव्हतं.

सगळ्यात जास्त फरक पडला तो ज्याला कोणी बॅकलिंक म्हणणार नाही अशा एका कामाने. फोनवर लोक दर वेळी तेच विचारत. चिपळूण स्टेशनवरून कसं यायचं, एसटी किती वाजता, दापोलीकडून येत असू तर दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी जाते का, रात्री बोट असते का. मी ते सगळं मराठीत, बोलते तसं, एका पानावर लिहिलं. वेळ बदलली की मी पान बदलते. आज आमच्या साइटवर गुगलवरून येणाऱ्यांतले जवळजवळ निम्मे त्या पानावर उतरतात, आणि त्या पानाला तीन ठिकाणांहून लिंक मिळाली आहे. एकही मागितलेली नाही. गुगलच्या नकाशावरची आमची नोंदही मी नीट केली. घर जिथे आहे तिथेच खूण हवी. आधी ती शेजारच्या पाखाडीत होती आणि पाहुणे तिथे जाऊन हाका मारायचे.

आता आपल्याकडे मागणं आहे. पहिलं, त्या चौकटीची दुरुस्ती छापावी, आणि छापील अंकासोबत वेब आवृत्तीतही करावी, कारण कात्रणं फोनवरच जास्त फिरतात. दुसरं, गेल्या वर्षी आपल्याच वेब आवृत्तीत आमच्या गावच्या बचत गटाच्या आगळवर चांगली बातमी आली होती. नाव होतं, गाव होतं, फोटो होता. गटाच्या साइटची लिंक नव्हती. बातमीदाराने बायकांशी तासभर बोलून, बाटल्या हातात घेऊन लिहिलेली बातमी म्हणजे गुरवकाकांचा शब्द. तसा हवाला त्या बायकांना कुठल्याही पॅकेजात मिळणार नाही. बातमीत ज्यांच्याबद्दल लिहिता त्यांची साइट असेल तर लिंक द्या. वाचकाचीही सोय होते.

तिसरं जरा अवघड आहे, पण लिहिते. काही वर्तमानपत्रांच्या साइटवर पैसे घेऊन छापलेले लेख असतात आणि त्यांतल्या लिंकांमुळे वेबसाइट वर येईल असं सांगून ते विकले जातात. मलाही असा दर सांगितला गेला आहे, आपल्याकडून नव्हे. जाहिरात छापण्यात काही गैर नाही. पण गुगलने २००५ मध्ये ‘नोफॉलो’ आणि २०१९ मध्ये ‘स्पॉन्सर्ड’ अशा खुणा काढल्या आहेत. पैसे घेऊन दिलेल्या लिंकला पानाच्या कोडमध्ये ही खूण लावायची असते, म्हणजे ती हवाला म्हणून मोजली जाऊ नये. मार्च २०२४ मध्ये गुगलने आणखी एक नियम आणला: नावाजलेल्या साइटच्या आडोशाला बाहेरच्या कोणी भलतीच पानं चढवली तर त्याला गैरवापर समजलं जाईल. वर्तमानपत्राचं नाव ५०-७५ वर्षांत उभं राहतं. आपण या खुणा लावता का, हे वाचकांना एकदा सांगावं.

माझी वही आणि ५०० ओळींची ती यादी दोन्ही जपून ठेवली आहे. आपल्या बातमीदाराला हवी असेल तर घरी येऊन बघावी, कंपनीचं नाव झाकून देईन. गौरी-गणपती झाले की आमच्या पट्ट्यातल्या घरांसाठी दर रविवारी दुपारी तीनला आमच्या पडवीत बसायचं ठरवलं आहे. प्रत्येकाने आपला फोन, डोमेनची पावती आणि असेल तो पासवर्ड घेऊन यावं. आधी डोमेन कोणाच्या नावावर आहे ते बघू, मग सर्च कन्सोल जोडू. ज्यांना पॅकेजचा फोन आला आहे त्यांनी पैसे भरण्याआधी यावं. भाचा पहिल्या रविवारी येतो म्हणालाय.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
ता. गुहागर, जि. रत्नागिरी
(नाव छापू नये ही विनंती)